मृत्युलेखापासून मागे चला

अमेरिकेतल्या मिनेसोटा-आयोवाकडच्या नॉर्वेजियन शेतकरी घराण्याचा माग काढताय ना, मग एकदम नॉर्वेत उडी मारू नका. आधी अमेरिकेत वारलेल्यांचे मृत्युलेख शोधा. आयोवातून १८७४ ते १९७२ पर्यंत निघणारं नॉर्वेजियन भाषेतलं वर्तमानपत्र 'डेकोरा-पोस्टेन' जरूर चाळा. बायकांची नावं नवऱ्याच्या नावाआड दडलेली असतात, तशीही शोधा. हयात भावंडांची यादी तर सोडूच नका. बहिणीच्या गावावरून पुढचं चर्च सापडतं. तारखा मात्र घरच्यांनी आठवून सांगितलेल्या असतात, त्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडून बघा.

त्या नोंदीत गॉडफादर-गॉडमदर कोण आहेत ते नीट उतरवून घ्या. माझ्या मते खरा खजिना तिथेच आहे, कारण ही माणसं बहुधा नात्यातली किंवा मायदेशी एकाच खोऱ्यातली.

आडनाव बदललं म्हणून गोंधळू नका. ओले हान्सनचा मुलगा हान्स ओल्सन व्हायचा, आणि कुटुंब दुसऱ्या शेतावर राहायला गेलं की नावापुढे त्या शेताचं नाव लागायचं. म्हणून मूळ शेत आणि परगणा (एका चर्चच्या हद्दीतला भाग) हाती लागल्यावरच नॉर्वेच्या 'डिजिटालआर्किव्हे' या सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळाकडे वळा. चर्चच्या वह्या तिथे फुकट बघता येतात, आणि परगणा सोडून गेलेल्यांची यादी त्यांत बऱ्याचदा वेगळी असते.