योगवर्ग झाले, तरी कामात रस का नाही?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कक्षाधिकारी आहे. आमच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी प्रशासनाने योगवर्ग आणि आरोग्य तपासणी सुरू केली. तरीही कामातला त्यांचा रस वाढलेला दिसत नाही. उणीव कोठे असावी?
— एक वाचक

उत्तर : प्रकृती उत्तम असूनही एखाद्याचे कामात मन नसते, हे आपण पाहिले असेलच. स्वास्थ्य आणि कामातील समरसता यांचे नाते जवळचे असले, तरी त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समरसतेची तीन अंगे मानली आहेत : उत्साह, समर्पण आणि तल्लीनता. रात्री उशिरापर्यंत थांबणे हे मात्र समरसतेचे लक्षण नव्हे. माणसे धाकानेही थांबतात.

माणूस कामात मनापासून केव्हा उतरतो, याचा विचार करताना कामाच्या ठिकाणच्या वर्तनाचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये तीन अटी सांगितल्या : कामाला अर्थ वाटला पाहिजे, मोकळेपणाने वागल्यास आपले नुकसान होणार नाही असा भरवसा हवा, आणि अंगात व मनात तेवढी ताकद शिल्लक हवी. आपल्याकडील दोन्ही उपक्रम फार तर तिसऱ्या अटीला हात घालतात.

माझ्या मते आपल्या विभागाचे खरे दुखणे अधिकाराचे आहे. निकाल लांबला की विद्यार्थी खिडकीपाशी ज्या लिपिकावर चिडतात, त्याच्या हाती ना उत्तरपत्रिकांची तपासणी असते, ना निकाल जाहीर करण्याची तारीख. दोष तेवढा त्याच्या वाट्याला येतो. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा तुटपुंजी असेल, तर ताण सर्वाधिक येतो, अशी मांडणी कामातील ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्येच केली होती.

म्हणून गुणपत्रिकेवरील नावातली किरकोळ चूक टेबलावरच दुरुस्त करण्याचा अधिकार नियमांत बसवून लिपिकाला देता येईल का, हे पाहावे. परीक्षेचे वेळापत्रक ठरतानाच ‘इतक्या दिवसांत एवढे काम होणार नाही’ असे कर्मचाऱ्यांना सांगता यावे, आणि तसे सांगणाऱ्याला कामचुकार ठरवले जाऊ नये. निकालाच्या तारखेत बदल झाल्यास तो विद्यार्थ्यांच्या आधी खिडकीवरील माणसाला कळवावा. ही साधी गोष्टही अनेकदा राहून जाते.

योगवर्ग बंद करण्याचे कारण नाही. फक्त निकालाच्या धावपळीत तेथे हजेरी घेऊ नये.