सुपरचार्जरचा बूस्ट टिकत नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००२ ची पाँटिअ‍ॅक ग्रँड प्रिक्स जीटीपी आहे. बूस्ट मीटर बसवल्यापासून काटा एका जागी ठरत नाही. एक्सिलरेटर पूर्ण दाबला की ८ पीएसआयपर्यंत चढतो, मध्येच ५ वर येतो, पुन्हा चढतो. सोलेनॉइडकडून (विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हकडून) येणारी नळी काढून टाकली की बूस्ट स्थिर राहतो, असं मित्र सांगतात. करावं का, आणि नेमकं कसं? (ट्रॉय, मिशिगन)

उत्तर : करता येतं, पण आधी बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा जादा दाब) नेमका कुठे जातोय ते शोधा. नळी बदलून बूस्ट वाढत नाही. तुमच्या ३.८ लिटर व्ही-६ वर ईटनचा एम९० ब्लोअर, म्हणजेच पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर आहे. तो दर फेऱ्याला ९० घनइंच, म्हणजे सुमारे दीड लिटर हवा पुढे ढकलतो, आणि फेरे किती होणार ते पुली ठरवते. नळ्यांच्या हातात एकच गोष्ट आहे: बायपास व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा.

हा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या डायफ्रॅमच्या डबीला दोन नळ्या येतात. एक आखूड नळी थ्रॉटलच्या मागून, ब्लोअरच्या तोंडाजवळून येते. गाडी सावकाश चालत असताना तिथे व्हॅक्यूम असतो. तो डायफ्रॅम ओढतो, बायपास उघडतो, हवा आतल्या आत फिरते आणि ब्लोअर जवळजवळ मोकळा चालतो. एक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम संपतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. दुसरी नळी सोलेनॉइडकडून येते. एरवी कॉम्प्युटर सोलेनॉइडला जवळपास १०० टक्के ड्युटी (वीज चालू असण्याचं प्रमाण) देऊन बंद ठेवतो. बूस्ट कमी करायचा असला की ड्युटी काढतो, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब डबीत शिरतो आणि बायपास उघडतो. तुमचे मित्र म्हणतात ती नळी हीच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावा. आरपीएम, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब, नॉक रिटार्ड (इंजिन ठोके देऊ लागल्यावर कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे घेतो ते) आणि बूस्ट सोलेनॉइडची ड्युटी, एवढं एकाच गिअरमध्ये रेकॉर्ड करा. डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या रोलरवर) किंवा बंद ट्रॅकवर, हायवेवर नव्हे. बूस्ट पडतो त्याच क्षणी ड्युटीही पडत असेल, तर कॉम्प्युटर जाणूनबुजून दाब सोडतोय. त्याचं कारण शोधा, तो निरोप्या आहे. ड्युटी १०० वरच असून बूस्ट पडत असेल, तर सोलेनॉइडची नळी काढून काहीही होणार नाही. आणि काटा स्थिर असूनही पिकअप मार खात असेल, तर नॉकमुळे टायमिंग मागे गेलंय. नळ्यांना हात लावू नका, पेट्रोल बघा. या इंजिनाला तिकडचं ९१ ऑक्टेन लागतंच.

ड्युटी ठीक असेल तर पुढचा क्रम असा. हातपंपाने आखूड नळीच्या तोंडाला पाऱ्याचे १० इंच व्हॅक्यूम द्या. दांडी पूर्ण ओढली गेली पाहिजे आणि मिनिटभर तशीच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्रॅम फाटलाय. व्हॅक्यूम सोडला की दांडी टक्कन स्टॉपला टेकायला हवी. ती जेमतेम टेकत असेल किंवा अडखळत असेल, तर आत तेलाचा चिकटा साचलाय. स्टॉपचा स्क्रू कुणी फिरवला असला, तर व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो आणि बूस्ट कायमचाच कमी दिसतो. यानंतर पट्टा. या इंजिनावर ब्लोअरला वेगळा पट्टा आणि वेगळा टेन्शनर असतो. वरच्या आरपीएमला बूस्ट पडत असेल आणि पुलीवर चकाकी किंवा काळी पूड दिसत असेल, तर पट्टा घसरतोय. एअर फिल्टरही बघा. तो तुंबला की पूर्ण थ्रॉटललाही ब्लोअरच्या तोंडाशी व्हॅक्यूम उरतो आणि बायपास मिटू देत नाही. हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

गळती शोधायला थ्रॉटलच्या तोंडावर अडॅप्टर बसवून थ्रॉटल उघडा धरा, ५ पीएसआय हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. जास्त हवा भरलीत तर तेलाची डिपस्टिक उडून बाहेर येईल. मूळ नळ्या कडक प्लॅस्टिकच्या आहेत, त्या सहसा टिकतात. टोकाचे रबरी कोपरे मात्र उष्णतेने तडकतात, तेही खालच्या अंगाला. कोपरा पिळून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही.

एवढं होऊनही सोलेनॉइड बाजूला काढायचा असेल तर : डबीपासून माग काढत जा आणि सोलेनॉइडकडे जाणारी नळीच ओळखा. ती डबीवरून काढा. डबीचं तोंड बंद करू नका. आत कोंडलेली हवा उशीसारखी दाबली जाते आणि डायफ्रॅम मोकळा हलत नाही. तिथे इंचभर नळी खाली तोंड करून लावा, म्हणजे धूळ जाणार नाही. बंद करायचं ते मॅनिफोल्डकडून येणारं तोंड. ते उघडं राहिलं तर आयडलला हवा आत ओढली जाईल आणि बूस्टमध्ये बाहेर फुंकली जाईल. साधी रबरी टोपी काही महिन्यांत तडकते. सिलिकॉनची टोपी घालून अरुंद नायलॉन टायने आवळा. सोलेनॉइडची वायर जोडलेलीच ठेवा, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागणार नाही. थ्रॉटलमागची आखूड नळी मात्र कधीही काढू नका. काहीजण ‘लगेच बूस्ट’ म्हणून तीच काढतात. मग बायपास कायम मिटलेला राहतो, ब्लोअर बंद थ्रॉटलशी झगडतो, हवा तापते आणि पेट्रोल जास्त जातं.

यात तुम्ही काय गमावता तेही समजून घ्या. रिव्हर्समध्ये कॉम्प्युटर बूस्ट कमी करतो, तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. नळी काढल्यावर चढणीवर रिव्हर्स घेताना तुमचा पायच ते काम करणार. नंतर नॉक रिटार्ड ३-४ अंशांच्या वर जायला लागला तर नळी परत जोडा. माझं मत विचाराल तर, रोजच्या गाडीत हा बदल फक्त दोष शोधण्यापुरता करावा. गाडी कॅलिफोर्नियात असती तर तोही प्रश्न आला नसता. तिथल्या स्मॉग तपासणीत नळ्याही डोळ्यांनी पाहिल्या जातात.

नळी घेताना आतला व्यास ४ मिमी आणि भिंत किमान २ मिमीची घ्या. पातळ सिलिकॉन वळणावर चपटं होतं. पेट्रोल रेग्युलेटरच्या (इंधनाचा दाब राखणाऱ्या) आणि पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणाऱ्या) नळीला सिलिकॉन वापरू नका, पेट्रोल-तेलाच्या वाफेने ते फुगतं. तिथे इंधनासाठीचीच नळी हवी. बूस्ट मीटरसाठी रेग्युलेटरच्या नळीत टी घालणंही टाळा. ती गळली तर बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढणार नाही, आणि नेमक्या लोडवर मिश्रण पातळ होईल, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडेल. बूस्ट १ पीएसआय वाढला की इंधनाचा दाबही १ ने वाढला पाहिजे. काटा नुसता थरथरत असेल तर मीटरच्या नळीत १ मिमी छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवा. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह मात्र उलटा बसणार नाही याची खात्री करा.

प्रश्न : न्यू जर्सीहून डेन्व्हरला आलो. तीच गाडी, तीच पुली, पण बूस्ट ८ वरून साडेसहावर आलाय. कुठली नळी बघू? (डेन्व्हर, कोलोरॅडो)

उत्तर : कुठलीच नाही. हा ब्लोअर दाब ठरावीक पटीत वाढवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यात ८ मिळवले की २२.७, म्हणजे साधारण १.५४ पट. डेन्व्हर १६०० मीटर उंचीवर आहे, तिथे दाब सुमारे १२.२. त्याच्या १.५४ पट १८.८, वजा १२.२, उरले ६.६. तुमचा काटा बरोबर आहे.

प्रश्न : जुनी सी २०० कॉम्प्रेसर घेतली आहे. तिलाही हा नळीचा बदल चालेल का? आयडल वरखाली होतं, शिट्टीसारखा आवाज येतो. (कोथरूड, पुणे)

उत्तर : नाही. या १.८ लिटर एम२७१ इंजिनात बायपासचा पडदा विजेच्या मोटरवर चालतो, व्हॅक्यूमच्या डबीवर नाही. काढण्यासारखी नळीच नाही. तुमची लक्षणं क्रँककेस ब्रीदरच्या नळ्यांची आहेत. इनटेक मॅनिफोल्डखालची नळी उष्णतेने ठिसूळ होऊन बोटाने दाबताच तुटते, आणि आसपास तेलाचा ओलावा दिसतो. तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह गेला की बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो, मग तेल सीलमधून बाहेर येतं. नळ्या आणि व्हॉल्व्ह एकदमच बदला. मॅनिफोल्ड उतरवण्याची मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त पडते, ती दोनदा कशाला द्यायची? मॅनिफोल्डचं गॅसकेटही त्याच वेळी नवं टाका.