कोर्स लावण्याआधी दोन आठवडे वही ठेवा

अकाउंट्समध्ये अकरा वर्षं, महिन्याचे रिपोर्ट आणि बँकेचा ताळमेळ हेच काम, आता ऑफिसात एआय आलंय, तर सगळं सोडून प्रोग्रॅमिंग शिकू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. मीही याच कामात अठरा वर्षं काढलीत.

आधी दोन आठवडे कुठल्या कामाला किती वेळ गेला ते वहीत लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं, निम्म्याहून जास्त वेळ आकडे गोळा करून मांडण्यातच जात होता. ते काम जाणार. खरं सांगू, जाऊ दे. २०१६ मध्ये एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा, पाच-दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत. स्कॅन वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, सगळं काम नव्हे.

गेल्या वर्षी मी खर्चातल्या फरकाची कारणं एआयकडून लिहून घेतली. वाहतूक खर्च का वाढला? तर म्हणे इंधन महागलं. इतकं पटण्यासारखं लिहिलं होतं की मी मेल पाठवणारच होतो. प्रत्यक्षात मागच्या महिन्याची दोन बिलं या महिन्यात चढली होती, आणि शीटमध्ये इंधनाचा उल्लेखही नव्हता! एआय शोभेल असा पुढचा शब्द मांडतं, व्हाउचर उघडून बघत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. साधन वापरलं याला न्यायाधीशांची हरकत नव्हती, तपासलं नाही याला होती.

म्हणून सरकायचंच तर सहीच्या, म्हणजे जबाबदारी घ्यायच्या कामांच्या दिशेने सरका. ऑडिटरच्या शंकांना तोंड देणं, अडकलेल्या वसुलीसाठी विक्रीवाल्यांच्या मागे लागणं, नोंद मुळात का चुकली ते खणून काढणं, ही कामं मागून घ्या. एआय रोज वापरा, पण एकाच ठरावीक कामावर, आणि त्याच्या चुका टिपून ठेवा. तुमच्या कामात ते कुठे घसरतं, हे कुठल्या कोर्समध्ये सापडणार नाही. पगारपत्रक किंवा ग्राहकांची यादी मात्र फुकटच्या टूलमध्ये टाकू नका. शिकायची हौस असेल तर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका, म्हणजे टूलने लिहिलेली क्वेरी बरोबर की चूक ते तरी कळेल.

काळजी मला तुमची नाही, नव्या मुलांची वाटते. हाताने ताळमेळ न करता चूक ओळखायची नजर येणार कशी? माझ्या टीममध्ये नवीन आलेल्यांना पहिल्या दोन महिनाअखेरी मी हातानेच करायला लावतो. शिव्या खातो.