मे महिन्यातले गराडू

अरे,

कथा मिळाली, वाचली पण. "काकू आत्ताच संपवली, प्लीज आजच वाचा" असा मेसेज होता म्हणून त्याच दिवशी वाचली. आता कशी झालीये ते सांगते, पण आधी मला एक सांग, तू स्वतः वाचलीस का? लिहिता लिहिता वाचतो ते मी विचारत नाहीये, ते वाचणं नसतंच, मागच्या ओळीचा धागा धरून पुढची ओळ काढायची असते म्हणून मागे बघतो आपण. संपल्यावर, लॅपटॉप मिटून, चार दिवस दुसरंच काही करून, मग परत येऊन पहिल्या ओळीपासून वाचलीस का? नाही वाचलीस, मला माहितीये, कारण वाचली असतीस तर कथेतल्या त्या दोघा भावांनी मे महिन्यात गराडू, ते तळलेले कंद, खाल्ले नसते.

बघ ना जरा. थोरला सुट्टीत घरी आलाय, मे महिना, गच्चीवर गाद्या टाकल्यात, कूलरमधे पाणी कोणी भरायचं यावरून भांडण चाललंय (हे भांडण फार मस्त उतरलंय, त्याला हात लावू नकोस), आणि त्याच रात्री दोघं उठून सराफ्यात जातात आणि कढईतून काढलेले गरमागरम गराडू खातात, वर जिरावन मसाला आणि लिंबू. अरे इंदूरच्या पोराने हे लिहावं? गराडू थंडीतले! आणि हे तुला माहीत नाही असं थोडीच आहे, माझ्यापेक्षा जास्त वेळा तू तिथे खाल्ले असशील. झालं काय असणार ते सांगते, भावाबरोबर सराफ्यात उभं राहून खाल्ल्याची आठवण कुठल्यातरी डिसेंबरातली असेल आणि गच्चीवरची आठवण उन्हाळ्यातली, लिहिताना दोन्ही एकमेकींना चिकटल्या, आणि तुझ्या डोक्यात दोन्ही खऱ्याच आहेत त्यामुळे कुठे खटकलंच नाही. अशी चूक न येणाऱ्या गोष्टीत होत नाही, अगदी पाठ असलेल्या गोष्टीतच होते, कारण तिथे आपण तपासायलाच जात नाही.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत जात नाही, उड्या मारत जातो, एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, छोटे शब्द तर बऱ्याचदा गाळूनच पुढे जातो आणि मधलं मेंदू अंदाजाने भरतो. परक्याचं लिखाण असेल तर अंदाज चुकतो, मग आपण अडखळतो, मागे जातो. स्वतःच्या लिखाणात अंदाज चुकतच नाही ना, पुढे काय येणार ते आधीच ठाऊक, त्यामुळे "तो घरी आला नाही" मधला "नाही" टाईप व्हायचा राहिला असला तरी तुला तो दिसतो. खरंच दिसतो! म्हणून मी कोणालाही नीट लक्ष देऊन वाच असं सांगत नाही, लक्ष देऊन उपयोग शून्य, लक्षाचा प्रश्नच नाहीये तो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला दारातच येतो, तसंच आहे हे, कितीही जोरात श्वास घेतलास तरी तुला येणार नाही, तुला आधी बाहेर जाऊन यावं लागेल.

आता बाहेर जायचं म्हणजे किती दिवस? रोमचा एक कवी होता होरेस, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याने नवीन लेखकाला सांगून ठेवलंय की लिहिलेलं नऊ वर्षं घरात दाबून ठेव. नऊ वर्षं! दिवाळी अंकवाल्यांना हे सांगून बघ एकदा. पण त्याने कारण दिलंय ते मात्र अगदी आजचं आहे, जे बाहेर गेलं नाही ते खोडता येतं, एकदा सुटलेला शब्द परत येत नाही. त्याच्याकडे डिलीट फॉर एव्हरीवन नव्हतं, आणि आपल्याकडे आहे त्याचाही काही फायदा होत नाही, लोकांनी तोवर वाचलेलं असतं. नऊ वर्षं कोणी थांबत नाही, मीही म्हणणार नाही, पण या लांबीच्या कथेला दोन-तीन आठवडे तरी दे, आणि त्या दिवसांत तिच्याबद्दल कोणाशी बोलू नकोस, कारण बोललास की ती परत डोक्यात ताजी होते आणि थांबलेलं सगळं वाया. दुसरी कथा सुरू कर त्यापेक्षा. नाहीतर गच्चीवरचे पत्रे रंगव, आई खूष होईल.

आणि परत वाचायला बसशील तेव्हा पहिल्या वाचनात पेन नाही, कर्सर नाही. हे माझं ठाम मत आहे, बाकी काही ऐकलं नाहीस तरी हे ऐक. पेन हातात असलं की तू पहिल्या परिच्छेदातला "अतिशय" खोडतोस, मग "अत्यंत" लिहितोस, मग तोही खोडतोस, आणि अर्धा तास त्या परिच्छेदाची हजामत करून उठतोस, कथा मात्र वाचलेलीच नसते. त्यापेक्षा पाठीला उशी लावून एका बैठकीत सलग वाच, कुठे कंटाळा आला तेवढं लक्षात ठेव. कुठे दोन पानं भराभर उलटावीशी वाटली? कुठे मोबाईलकडे हात गेला? तुझा हात तुझ्या कथेवर असताना मोबाईलकडे गेला तर वाचकाचा किती आधी जाईल विचार कर. वाक्यं नंतर, शुद्धलेखन तर सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने करणारे खूप आहेत, ऱ्हस्व-दीर्घ एकदम चोख आणि कथेत घडत काहीच नाही.

तुझ्या कथेत घडतं, ती तक्रार नाही. तक्रार आहे ती कागदावर न आलेल्या गोष्टींची. "रात्री सराफ्यात नेहमीसारखी गर्दी होती" असं एक वाक्य लिहून तू पुढे गेलास. मला चाललं, कारण मी त्या वाक्यात शिरले आणि मला सोनारांची बंद शटर्स दिसली, त्यांच्या ओट्यांसमोर लागलेल्या गाड्या दिसल्या, भुट्ट्याच्या किसाचा वास आला, दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा माणूस दिसला, मधेच स्कूटर घालणाऱ्याला सगळ्यांनी दिलेल्या शिव्या पण ऐकू आल्या. हे सगळं मी माझ्या पदरचं घातलं. साताऱ्यात बसून वाचणाऱ्या बाईला काय दिसेल? सराफा म्हणजे सोनं, तिला वाटेल हे दोघं रात्री बारा वाजता दागिने घ्यायला निघालेत, घरात लग्नबिग्न आहे का काय! दिवसा सोन्याची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याचा बाजार, हे तिला कोणी सांगितलंय? तू नाही सांगितलंस. लगेच अर्धं पान वर्णन ठोकून देऊ नकोस हां, टुरिस्ट गाईड नकोय मला, धाकटा बंद शटरला टेकून द्रोण धरून उभा आहे एवढं जरी आलं तरी तिला सगळं कळेल.

तशीच ती आयबस. फ्लॅशबॅक १९९८ चा लिहिलायस आणि आजी इंदुरातल्या नवलख्याहून आयबसने निघते. अरे आयबस, ही आपली आत्ताची सिटी बस, सुरू झाली २०१३ मधे, ९८ साली आजी टेम्पोत गुडघे आवळून बसली असती नाहीतर नगरसेवेच्या गाडीत लोंबकळली असती, आणि आता तर तिच्यासाठीचा वेगळा रस्ता, तो बीआरटीएसचा कॉरिडॉरही काढायला घेतलाय, म्हणजे अजून थोड्या वर्षांनी कोणी वाचेल त्याला आयबस हीच जुनी गोष्ट वाटेल. तू लहानपणापासून आयबसच बघत आलास म्हणून ती तुझ्या डोक्यात कायमचीच आहे. सालं, महिने, वयं, कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे सगळं एका वेगळ्या कागदावर लिहून काढ आणि एक अख्खं वाचन फक्त त्यासाठीच कर. बोअरिंग आहे, पण करावं लागतं.

भाषेचं थोडक्यात सांगते. आजी "मी काय करून राहिली इथे बसून" म्हणते ते एकदम आपल्या घरातलं आहे, पुण्याचा कोणी संपादक ते बदलायला लागला तर बदलू देऊ नकोस. पण निवेदनातही दोन-तीन जागी तसंच आलंय आणि तिथे ते तू मुद्दाम केलेलं वाटत नाही, नकळत आलंय. मुद्दाम असेल तर ठेव, आणि मग सगळीकडे ठेव.

परकं होऊन वाचायच्या युक्त्या लोक ढीगभर सांगतात, फॉन्ट बदल, प्रिंट काढ, जागा बदल. सगळ्याचा थोडा थोडा उपयोग होतो, कारण पानाचं रूप बदललं की डोळ्याची सवय मोडते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि काल न दिसलेला शब्द एकदम ओळीच्या सुरुवातीला येऊन उभा राहतो. पण मला विचारशील तर सगळ्यात भारी उपाय मोठ्याने वाचणं. फ्लोबेर म्हणून फ्रेंच कादंबरीकार होता, तो आपली वाक्यं अक्षरशः ओरडून म्हणायचा, जिथे श्वास अडकला ते वाक्य नापास. तुमच्या घरात ओरडता येणार नाही, बाबा झोपमोड झाली म्हणून उठतील, तर गच्चीवर जा. आणि आता तर फोनच वाचून दाखवतो, मराठी आवाज आहे त्यात, सपाट, रडका ना हसरा. त्याला ऐकव तुझी कथा. तो फार निर्दय वाचक आहे, तुला काय म्हणायचं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, जे टाईप झालंय तेच वाचतो, "नाही" गाळलास तर गाळूनच वाचतो, आणि तुझ्या त्या पाच ओळींच्या वाक्यात कर्ता कुठे हरवला ते ऐकताना लगेच कळतं. संवाद मात्र त्याच्याकडून तपासू नकोस, त्याच्या तोंडी सगळेच संवाद मेलेले वाटतात.

आता एक नाजूक विषय. तीन आठवड्यांनी वाचशील तेव्हा बहुतेक तुला शिसारी येईल. काय भंगार लिहिलंय, हे मी लिहिलं? वगैरे. कथा संपवल्या रात्री तू म्हणालास ना "काकू काहीतरी वेगळंच झालंय यार हे", तेव्हाही तू वाचत नव्हतास आणि शिसारी येते तेव्हाही वाचत नसतोस, दोन्ही वेळा स्वतःकडेच बघत असतोस. शिसारीच्या दिवशी काहीही डिलीट करायचं नाही. काढावंसं वाटलं ते दुसऱ्या फाईलमधे हलव, फाईलवर तारीख टाक, झोप. कूलरचं भांडण तू अशाच एखाद्या दिवशी उडवशील याची मला भीती आहे, कारण ते तुला फार साधं वाटत असणार.

उलट टोकही आहे, जन्मभर तेच परत परत लिहीत बसायचं. कवी मुक्तिबोध आपल्याकडचेच, श्योपूरला जन्म, घर मराठी, शिक्षण उज्जैन-इंदूरला, लिहिलं हिंदीत. आपल्या लांब कविता ते वर्षानुवर्षं परत परत लिहीत राहायचे. कविता कशी होते याबद्दल त्यांनी तीन क्षण सांगितलेत, पहिला जगण्यातल्या तीव्र अनुभवाचा, दुसरा त्या अनुभवाचा आपल्याच दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर फँटसी होऊन उभं राहण्याचा, आणि तिसरा तिला शब्दांत उतरवण्याचा. माझं मत असं की आपल्यासारखे बरेच जण पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात, दुसरा राहूनच जातो, आणि परत वाचणं म्हणजे उशिरा का होईना तो दुसरा क्षण गाठणं. तुझी कथा खऱ्या भावाबद्दल आहे हे मला कळतं रे, म्हणूनच तुला तो कथेत दिसतो आणि मला फक्त त्याचा शर्ट दिसतो. पण याच मुक्तिबोधांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना हातात घेता आला नाही, १९६४ मधे ते गेले त्याच वर्षी तो निघाला. कारणं बरीच होती, पैशाची ओढाताण, आजारपण, सगळा दोष फेरलेखनावर टाकणं चूक. तरी मी हे सांगते, कारण थांब थांब म्हणणारी मी उद्या तुला पुरे आता, पाठव असंही म्हणणार आहे. दोन वाचनांत तू फक्त स्वल्पविराम हलवतोयस, काल काढलेला आज परत घालतोयस, असं झालं की समज कथा संपली.

कॉलेजातल्या जुन्या कविता पण काढून बसलायस असं तुझी आई म्हणाली. त्या वाच, पण दुरुस्त करू नकोस. टाईपो काढ फार तर. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहिल्यात, त्याला जे कळत होतं ते आता तुला कळत नाही, आणि आजच्या तुझ्या शहाणपणाची ठिगळं लावलीस तर ना तो उरेल ना तू. नवीन सांगायचंय तर नवीन लिही.

शेवटचं काम दुसऱ्या माणसाचं. मला पाठवू नकोस पुढचा खर्डा, मी आता निकामी झाले, मला कथा पाठ झाली. तुझी मावसबहीण नाशकात आहे ना, कधी इंदूरला न आलेली, तिला दे. आणि "कशी वाटली" विचारू नकोस, छानच म्हणेल, नात्यातली आहे. तिला म्हणावं, कथेत काय काय घडलं ते मला क्रमाने सांग. ती फोनवर सांगेल तेव्हा तू गप्प बसायचं, तिने दोन भावांमधला धाकटा कोण यात घोटाळा केला तरी गप्प, ती म्हणाली की दोघं रात्री सोनं घ्यायला गेले तरी "अगं तसं नाही, सराफा म्हणजे" असं सुरू करायचं नाही, नुसतं लिहून घ्यायचं. सांगून झालं की मग सांग तिला हवं ते, आणि तिला थंडीत इकडे बोलाव.

तुझी
काकू