घरी मराठी बोलणं थांबवू का?

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एका आईने विचारलं आहे: "मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल, घरी फक्त इंग्रजी बोला, असं आम्हाला सांगितलं. आम्ही मराठी बंद केली. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना इंग्रजी येत नाही. आता त्या नातवाशी बोलायलाच घाबरतात. आमचं बरोबर चाललंय ना?"

ताई, नाही. मी इतकं ठाम का म्हणते, हे सांगायला मला तुमच्या जवळच्याच सान होजेतल्या एका व्हिएतनामी घराकडे जावं लागेल. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सान होजेत व्हिएतनामी वंशाचे लाखाहून जास्त लोक राहतात. १९७५ मध्ये सायगॉन पडल्यावर पहिले निर्वासित आले, मग बोटींतून जीव वाचवून आलेले, मग त्यांच्यामागून भावंडं, आईवडील. हे कुटुंब अलीकडे आलेलं. आई आठवड्याचे सहा दिवस नेल सलूनमध्ये, वडील रात्रपाळीला, आणि चार वर्षांचा मुलगा दिवसभर 'बा न्गोआई'जवळ, म्हणजे आईच्या आईजवळ. आजी मेकाँगच्या खोऱ्यातली, कान थोची.

पहिल्या भेटीत दुभाषी बाई होत्या. मी थेरपीबद्दल चांगली वीस मिनिटं बोलले. आजी शांतपणे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "पण हा कुठे उदास असतो? दिवसभर हसतो की." ऑटिझमला व्हिएतनामीत 'तू की' म्हणतात, आणि बोलीत हाच शब्द कोपऱ्यात एकटं, खिन्न बसणाऱ्यालाही लावतात. आजींनी तोच अर्थ धरला होता. माझं बाकीचं बोलणं वाया गेलं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही घरात आधी विचारते, तुम्ही याला काय म्हणता?

आजींच्या मनात आणखी एक गोष्ट होती. गेल्या जन्मीचं काहीतरी या पोराच्या वाट्याला आलंय, म्हणून त्या अमावास्या-पौर्णिमेचा शाकाहार आणखी कडक पाळत होत्या. आपल्याकडे याच दुःखापायी चतुर्थ्या धरणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांचा उपास मी मोडायला सांगितला नाही. एवढंच म्हटलं, की यात तुमच्या लेकीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. दुभाषी बाईंनी ते दोनदा सांगितलं.

मग खरी गोष्ट कळली. बालवाडीतून कुणीतरी घरी फक्त इंग्रजीच बोलायला सांगितलं होतं. आईचं इंग्रजी सलूनपुरतं: कोणता रंग, किती लांब, दुखतंय का. तेवढ्या इंग्रजीत तिला आता मुलगा वाढवायचा होता. आजी तर गप्पच झाल्या. जेवण भरवायचं, तोंड पुसायचं, इंग्रजी कार्टून लावून द्यायचं. मुलाचे पाच-सहा शब्द होते, त्यांतले 'बा' आणि 'दी' (म्हणजे आजी आणि चल) ऐकू येईनासे झाले होते. शब्द ऑटिझममुळेही गळतात, त्यामुळे सगळा दोष मी त्या शांततेला देणार नाही. पण त्या घरात ते शब्द परत यायला वाटच उरली नव्हती.

गेल्या काही वर्षांत यावर बराच अभ्यास झाला आहे. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं केवळ त्यामुळे एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे पडतात, असं त्यात दिसलेलं नाही. तरी हा सल्ला अजून दिला जातो, आणि मला त्याचा राग येतो.

व्हिएतनामीत साधं 'मी' आणि 'तू' घरात जवळजवळ येतच नाही. आई स्वतःला 'मा' म्हणते, मुलाला 'कोन', म्हणजे लेकरू. 'मा लेकराला भात देते.' आपणही लहानग्याशी असंच बोलतो ना, 'आई देते हं बाळाला'? ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांची 'मी' आणि 'तू' यांत अदलाबदल होते. या घरात बोलताबोलता नाती हातात देणारी भाषा होती, आणि तीच काढून घेतली गेली होती.

पुढचं काम आजींनीच केलं. त्या मुलाला मासा काटे काढून भरवत. मी म्हटलं, घास तोंडाजवळ नेऊन थोडं थांबा. पाच आकडे मोजा, त्याच्याकडे बघा, 'का' म्हणा आणि मग द्या. 'का' म्हणजे मासा. त्याने बोट दाखवलं, हात ओढला, नुसतं पाहिलं, तरी ते बोलणंच धरा. शेजारी भाताचं आणि माशाचं चित्र ठेवलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भाषेत चालेल?" त्यांनी हे तीनदा विचारलं.

शाळेचं वेगळंच. आईने मुलाच्या शिक्षण आराखड्यावर, ज्याला इथे आयईपी म्हणतात, न वाचताच सही केली होती. बैठकीला दुभाषी देणं शाळेवर बंधनकारक आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सही तिथल्या तिथे करायची सक्ती नसते, कागद घरी नेता येतो, आराखड्याचा काही भाग मान्य आणि काही अमान्यही करता येतो. पुढच्या बैठकीत तिने व्हिएतनामीत विचारलं, माझ्या मुलाला घरी कळणारे शब्द तुमच्या यादीत का नाहीत? ते शब्द यादीत आले.

रिजनल सेंटरकडे, म्हणजे विकासात अडथळे असलेल्यांना सरकारी खर्चाने मदत मिळवून देणाऱ्या केंद्राकडे जायलाही ती घाबरत होती, इमिग्रेशनच्या कागदांपायी. कॅलिफोर्नियात अशी २१ केंद्रं आहेत, १९६९ च्या लँटरमन कायद्यापासून चालत आलेली. तिथल्या पात्रतेसाठी इमिग्रेशनचा दर्जा बघत नाहीत. हे तिला दोन वर्षं आधी कळलं असतं तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची मदतही मिळाली असती. ती हुकली, याची मला आजही हळहळ वाटते.

सात-आठ महिन्यांनी मुलगा दाराशी उभा राहून आजींचा पदर नव्हे, बाही ओढत म्हणाला, "बा, दी." आजी चपला न घालताच त्याच्यासोबत बाहेर गेल्या. तो आजही फार थोडं बोलतो. शाळेत 'गो' म्हणतो आणि घरी 'दी', आणि कुठे काय म्हणायचं यात तो चुकताना मी पाहिलेला नाही.

ताई, तुमच्या थेरपिस्टना एका कागदावर लिहून द्या: मुलाला कळणारे सगळे शब्द, मराठी असोत की इंग्रजी, आणि प्रत्येकापुढे तो कधी, कुणाजवळ वापरतो ते. ही यादी सासूबाईंकडून लिहून घ्या, दिवसभर त्याच त्याच्याजवळ असतात. आणि त्यांना आजच सांगा, की भरवताना बोला, अंघोळ घालताना बोला, तुमच्याच मराठीत.