दोघेही नोकरी करत असताना बंगाल जातीचे मांजर पाळावे का?

आपण लातूरच्या फ्लॅटमध्ये राहता, दोघेही सकाळी नऊ ते सायंकाळी सहा बाहेर असता आणि बंगाल मांजराचे एक पिल्लू घेऊ इच्छिता, असे आपण लिहिले आहे. या परिस्थितीत ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेपर्ड कॅट या आशियातील रानटी मांजराशी पाळीव मांजराचा संकर करून ही जात तयार झाली असून, चढणे, उड्या मारणे आणि शिकारीसारखा खेळ ही तिची रोजची गरज आहे. परभणीला माझ्या मावशीकडचे बंगाल मांजर भर दुपारी कपाटावरून पडद्याच्या दांडीवर, तेथून ओट्यावर उतरते आणि नळाची धार पंजाने अडवत बसते. घरात कोणी नसले की ते दारापाशी सतत ओरडते, हे ऐकवत नाही.

आखूड केसांमुळे आपल्याकडील उन्हाळा त्याला पर्शियन मांजराइतका जड जात नाही, मात्र बाल्कनीला जाळी हवीच. तरीही घ्यायचेच ठरल्यास पिल्लाच्या आईवडिलांची हृदयतपासणी आणि पीके डेफिशियन्सी या रक्तक्षय घडवणाऱ्या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणी झाल्याचे कागद आधी पाहावेत. माझा आग्रह मात्र गल्लीतील दोन गावठी पिल्ले एकत्र आणण्याचा आहे. ती दिवसभर एकमेकांशी खेळतात.