गावाच्या आधी निघा: पूर आणि आजारी माणसाचं घर

पावसाळा तोंडावर आला की पूरपट्ट्यातल्या घरांतून पत्रं येतात. ज्या घरांत कुणी अंथरुणाला खिळलंय, यंत्रावर आहे किंवा आपली अडचण सांगू शकत नाही, अशांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

वडिलांना अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेलेली आहे. २०१९च्या पुरात त्यांना बोटीतून काढताना फार हाल झाले. आता नेमकं कधी निघायचं? (शिरोळ तालुका)

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. तुमचा तालुका कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचा, म्हणून दोन्हीकडे लक्ष ठेवा. गाव धोका पातळीला हलतं. तुम्ही कुठल्याही एका ठिकाणी इशारा पातळी गाठली की निघायचं. तोवर रस्ता उघडा असतो, गाडी दारात येते, गादी आणि कमोडची खुर्चीही बरोबर नेता येते. बोटीत यातलं काही येत नाही. ‘मागच्या खेपेला पाणी उंबऱ्याशीच थांबलं होतं’ हा हिशेब धडधाकट माणसांच्या घरात एक वेळ चालेल, तुमच्या घरात नाही. पाणी नाही चढलं तर चार दिवस पाहुण्यांकडे राहून परत या, त्यात काहीच वाया जात नाही.

कुणाकडे जायचं ते आजच ठरवा. घर उंचावरचं, तळमजल्याचं आणि संडासाला जवळ असावं. उचलण्याचा सराव कोरड्या दिवशी करा. हाताची मजबूत खुर्ची, दोन माणसं, कमरेला आणि छातीला चादरीची गाठ. जिना उतरताना खुर्ची मागे कललेली आणि वडिलांचं तोंड उताराकडे. अधू हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीच ओढू नका. त्या बाजूचे स्नायू सैल असतात, खांदा निखळतो आणि पूर ओसरल्यावरही ते दुखणं महिनोन्महिने राहतं. निवारा केंद्रात जमिनीवर झोपवावं लागलं तर दर दोन तासांनी कूस बदला. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, तिच्या भरवशावर राहू नका.

आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेचं यंत्र) आहे, मिनिटाला दोन लिटर. इन्व्हर्टर आहे, तो पुरेल का? (चिपळूण)

पुरणार नाही. मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं यंत्र साधारण ३५० वॅट घेतं. १५० अँपिअर-अवरची एक चांगली बॅटरी पंखे-दिवे बंद ठेवून तीन-साडेतीन तास निघते. पाणी शिरलं की सुरक्षेसाठी वीज मुद्दाम तोडतात आणि लगेच येत नाही. म्हणून ‘बी’ प्रकारचा भरलेला सिलिंडर घरात हवाच. त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू असतो, म्हणजे दोन लिटरने बारा तास. रेग्युलेटर आणि झडपेची चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा. ऐन वेळी सापडत नाही ती चावीच. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला, देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब असू द्या. हे बारा तास बाहेर पडण्यासाठी आहेत, घरात थांबून राहण्यासाठी नाहीत. २२ जुलै २०२१ला तुमच्या शहरात पाणी किती झपाट्याने चढलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. रस्ता बंद झाला तर? (सांगली)

अतिवृष्टीचा इशारा आला की केंद्राला फोन करून डायलिसिसची पाळी एक दिवस अलीकडे घेता येते का ते विचारा. नदीपलीकडच्या दुसऱ्या केंद्राशीही आत्ताच बोलून ठेवा. तिथे हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट दाखवल्याशिवाय सहसा यंत्रावर घेत नाहीत. ते रिपोर्ट, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यानंतरचं वजन) लिहिलेला कागद आणि औषधांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढा.

आता खाण्याचं. मदतीच्या पाकिटांत हमखास केळी असतात, कुणी प्रेमाने शहाळं देतं. डायलिसिस चुकलेल्या माणसाला हे दोन्ही घातक आहेत, कारण पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. बटाटा, टोमॅटो, खारट फरसाणही नको. भात, साखर, बिनमिठाचे चुरमुरे घरून न्या. पाणी डॉक्टरांनी दिलेल्या मापापेक्षाही कमी द्या. धाप लागली किंवा हातापायांतली ताकद गेली तर थांबू नका, १०८ला फोन करा.

इन्सुलिन फ्रीजशिवाय टिकेल का? (महाड)

वापरात असलेली बाटली किंवा पेन २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. न उघडलेलं ओल्या कापडात गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डब्यात ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न आहे, बोलत नाही. गोंधळ झाला की पळत सुटतो. (कोल्हापूर)

अशा बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते. तेव्हा निवारा केंद्रात एका मोठ्या माणसाकडे फक्त त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम द्या, आळीपाळीने. लाइफ जॅकेट आत्ताच घरात घालून खेळू द्या. एनडीआरएफच्या जवानांचे नारिंगी गणवेशातले फोटो दाखवा, म्हणजे अनोळखी माणसाने उचललं तरी तो थोडा कमी घाबरेल. खिशात चिठ्ठी शिवून टाका: नाव, दोन फोन नंबर आणि ‘बोलत नाही, हाकेला वळत नाही, हात ओढू नका’. त्याची एरवीची बिस्किटं आणि कान झाकायचं साधन पिशवीत असू द्या. फिट्सची गोळी चालू असेल तर एक दिवसही चुकता कामा नये. पंधरा दिवसांची जादा ठेवा.

आम्ही दोघंही कर्णबधिर. भोंगा झाला तरी कळणार नाही. प्रशासन काही करतं का?

करायलाच हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची सूचना पोचवायची असते. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत, घराची खूण आणि ‘फोन करू नका, मेसेज करा, माणूस पाठवा’ एवढं त्यात लिहा. पोच घ्या. अर्जाची एक प्रत ग्रामसेवक किंवा नगरसेवकाकडे द्या. शेजारच्या एका घराकडे तुमच्या दाराची किल्ली असू द्या आणि रात्री मोबाइल व्हायब्रेटवर उशीखाली ठेवा. तुमच्या वतीने जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कोण बोलणार, तेही त्या शेजाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवा.